बिडाच्या पुलीआधी एमडीएफची पुली

कडबा कुट्टीची पुली फुटली अन् तसल्या जुन्या मापाची अमरावतीत कुठंच भेटेना. म्हटलं घरी लेथ आहे, पॅटर्न (रेतीत दाबून साचा पाडायचा नमुना) आपणच करू, फाउंड्रीवाला त्यावरून बीड (ओतीव लोखंड) ओतून देईल. जुन्या चौकटीचा सागवान पडला होता पण बाबा म्हणाले, "घरचा सागवान रेतीत गाडतं काय बे?" मग एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी. 18 एमएमचे तीन तुकडे फेव्हिकॉलनं चिकटवून रात्रभर क्लॅम्पात ठेवले, सकाळी लेथच्या फेसप्लेटवर (फिरत्या तबकडीवर) स्क्रूनं आवळले.

माप असं, पुली पाहिजे 200 एमएम व्यासाची, दोन्हीकडून मशिनिंगला 3-3 धरून 206, बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं म्हणून 208. बेल्टची खाच अन् बोअर (मधलं भोक) नंतर लेथवर. एमडीएफ लोण्यासारखं कापतं पण त्यातला डिंक एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलची धार खातो, कार्बाइड टिपच लावा.

ऐटीत फाउंड्रीत नेलं. मोल्डरनं कडेवरून अंगठा फिरवला, "भाऊ, हे तं सरळच हाय, रेतीतून निघन कसं?" ड्राफ्ट, म्हणजे कडेला द्यायचा उतार! एवढा हिशोब केला अन् हेच राहिलं. कड सरळ असली की पॅटर्न उचलताना रेतीची भिंत ढासळते. आलो परत. कंपाउंड स्लाइड (टूल तिरपं चालवणारा लेथचा भाग) 1 अंश फिरवून कड घेतली, दहा मिनिटाचं काम. 2 अंश घेतला असता तर 54 एमएम उंचीत खालच्या तोंडाला 1.9 गेले असते अन् मशिनिंगच्या 3 मधले 1.1 च उरले असते.

तेवढ्यात लाइन गेली, भुसा तसाच ठेवून झोपलो. श्रावणातली दमट हवा, सकाळी झाडलं तर लेथचा बेड गंजून लाल! हा भुसा पिठासारखा, बेडवरचं ऑइल पिऊन घेतो अन् ओल धरून ठेवतो. आता बेडवर पुठ्ठा टाकतो (कपडा नाही, फिरत्या चकमधे गुंतला तर हात जाईल), तोंडाला मास्क, काम झालं की लगेच पुसून ऑइल.

मोल्डिंगची रेती ओली असते अन् एमडीएफची कड फुगते, म्हणून स्पिरिटमधला चपडा (लाख) तीन हात मारला, मधेमधे पॉलिश पेपर, वरून शंखजिरं.

पुली आली, व्हर्नियरला 205.8. बाबांनी उचलून पाहिली, म्हणाले, "जुनी हलकी होती."

होतीच. तिला आरे होते, मी भरीव केली, बारा किलोच्या वर भरली.