नवलकोल, तिसरा हंगाम: लहान म्हणजे कोवळा, असं काही नाही

मंडळी, यंदाच्या नवलकोलाची वही भरली, म्हणून सगळं एकदम लिहून टाकतोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात: पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावरची गच्ची, सोसायटीची परवानगी आहे (खाली पाणी गळलं तर खर्च माझा, या अटीवर), पंधरा इंची ग्रो बॅगा, रंगाचे रिकामे डबे आणि भंगारवाल्याकडून आणलेला एक बाथटब. त्यात अळू आहे, त्याचा इथे संबंध नाही.

आधीच्या दोन वर्षांची फजिती सांगितल्याशिवाय यंदाचं कळणार नाही. पहिल्या वर्षी मी नवलकोलाला मातीची भर घातली. बटाट्याला घालतात, मग ह्याला का नको? पण नवलकोलाचा गड्डा हे मूळ नव्हेच, ते फुगलेलं खोड आहे. तो मातीच्या वर, मोकळ्या हवेत बसतो आणि पानांचे देठ थेट त्याच्या अंगातून फुटतात. भर घातलेले सगळे गड्डे खालून कुजले. दुसऱ्या वर्षी भर नाही घातली, पण हाव सुटली. आणखी थोडा वाढू दे, आणखी थोडा वाढू दे, असं करत जानेवारी संपवला. गड्डे दिसायला नारळाएवढे, पण विळीवर धरला तर विळीच अडकली. बायको म्हणाली, "भाजी राहू द्या, ह्याचे पाट करून घ्या."

त्यावर इथल्या जाणत्यांनी मला एकच नियम सांगितला होता: टेनिसच्या चेंडूएवढा झाला की काढायचा. यंदा तो नियम खरा किती, तेच बघायचं ठरवलं.

२२ सप्टेंबर

प्रो-ट्रेमध्ये (रोपं तयार करायचा कप्प्यांचा ट्रे) पेरणी. व्हाइट व्हिएन्ना या पांढऱ्या जातीचं बी बहुतेक कप्प्यांत, पर्पल व्हिएन्ना ही जांभळी जात एका कडेला. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं. बी मोहरीसारखंच दिसतं, म्हणजे ट्रे भरताना फोडणीच्या डब्यापासून लांब बसावं. चौथ्या दिवशी पांढरा नवलकोल वर आला, जांभळा सहाव्या दिवशी. जांभळ्याचा देठ उगवतानाच जांभळट असतो, त्यामुळे चिठ्ठ्या पावसात वाहून गेल्या तरी घोटाळा झाला नाही.

१८ ऑक्टोबर

रोपं पाच पानांवर आली, लावली. दहा बॅगा, प्रत्येकीत दोन, मधे वीतभर अंतर. चौदा पांढरे, सहा जांभळे. माती, शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. सात बॅगा पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, जिथे दुपारनंतर सावली येते. उरलेल्या तीन बॅगांना जागा नव्हती म्हणून पश्चिमेच्या कठड्याला ठेवल्या, तिथे फक्त पांढरे सहा. हे मुद्दाम केलं नव्हतं, पण पुढचं सगळं ह्याच तीन बॅगांनी शिकवलं.

ऑक्टोबरचं ऊन होतं म्हणून आठवडाभर हिरवी जाळी. कठड्यावर वारा इतका की तिथली जाळी दोनदा उडून शेजारच्या इमारतीत गेली. तिसऱ्यांदा मी आणायला गेलो नाही.

५ नोव्हेंबर

अळी. पानांवर छोट्या छोट्या खिडक्या दिसायला लागल्या: वरचा पापुद्रा शाबूत, खालचा गर खाल्लेला, उजेडाला धरलं की काच लावल्यासारखं. पान उलटं केलं तर पोपटी रंगाची, सेंटीमीटरभर लांबीची बारीक अळी. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरते. हा चौकोनी ठिपक्याचा पतंग, कोबी आणि फ्लॉवरवाल्यांचा जुना वैरी. चौथ्या मजल्यावर त्याला पत्ता कोणी दिला, देव जाणे.

उपाय नेहमीचाच. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवल्या, फडक्यातून गाळून घेतल्या, साबणाचं पाणी चमचाभर. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. आठ दिवसांच्या अंतराने तीनदा. शिवाय रोज सकाळी चहाच्या आधी हाताने वेचणी, हे जास्त उपयोगी पडलं. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) दोन पानांवर दिसला, ती पानं काढून टाकली.

१६ नोव्हेंबर

गड्डे धरायला लागले. आधी खोड नुसतं जाड वाटतं, मग एके दिवशी सुपारीएवढा गोल दिसतो. पंधरवड्याला एक मूठ गांडूळखत आणि मोहरीच्या पेंडीचं पाणी, तीन दिवस भिजवून दहापट पातळ केलेलं. (बायको त्या तीन दिवसांत गच्चीवर कपडे वाळत घालत नाही.)

फोनवर आईला सांगितलं. आईचं माहेर बेळगावचं. ती म्हणाली, "अरे, आमच्या शेजारच्या अक्का त्याला नविलुकोसु म्हणायच्या. नविलु म्हणजे मोर, कोसु म्हणजे कोबी." मोराची कोबी! वर फाकलेले देठ बघितले की पटतं. पण नवलकोल हा शब्द आपल्याकडे आला तो डचांच्या 'क्नोलकोल'वरून, म्हणजे गड्ड्याची कोबी. ते आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मोरच बरा." काही भाजीवाले अलकोल म्हणतात. आमच्या चिरंजीवांनी तो शब्द शाळेत वापरला आणि बाईंनी मला भेटायला बोलावलं, तो किस्सा पुन्हा कधी.

२९ नोव्हेंबर

सांगलीला लग्न होतं, पाच दिवस गेलो होतो. पाणी घालायचं काम खालच्या मजल्यावरच्या मुलाला दिलेलं. त्याने टाकीजवळच्या बॅगांना घातलं, कठड्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. परत आलो तेव्हा पश्चिमेच्या तिन्ही बॅगांची माती कडा सोडून आत आलेली, पानं मलूल. मी घाबरून तिथे बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापैकी तीन गड्डे उभे चिरलेले, डाळिंब तडकतं तसे. आतून पांढरेशुभ्र, कडा अजून ओल्या.

चूक माझी. तहानलेल्या नवलकोलाला थोडं थोडं पाणी द्यायला हवं होतं. तडकलेले तीन त्याच दिवशी काढले, किसून कोशिंबिरीत घातले. चार सेंटीमीटरचे होते, तरी दाताखाली दोरे आले. तेव्हा दुर्लक्ष केलं.

७ डिसेंबर ते १ जानेवारी: कापणी

टाकीजवळच्या आठ पांढऱ्यांपैकी तीन ७ तारखेला काढले, लागवडीपासून पन्नासाव्या दिवशी. सहा ते साडेसहा सेंटीमीटर, वजन १३० ते १५० ग्रॅम. वरची साल नखाने निघाली. असाच उभ्या उभ्या मीठ लावून खाल्ला. चव कशी, असं दरवेळी कोणीतरी विचारतं, तर लहानपणी आई कोबी चिरायला बसली की मधला दांडा मिळावा म्हणून आपण शेजारी बसायचो ना, तो दांडा. फक्त इथे अख्खा गड्डाच दांडा.

आता मुख्य गोष्ट. १५ तारखेला, अठ्ठावन्नाव्या दिवशी, टाकीजवळचा एक आणि कठड्याचा एक असे दोन गड्डे ओट्यावर शेजारी ठेवले. टाकीजवळचा साडेसात सेंटीमीटर, २१० ग्रॅम. कठड्याचा जेमतेम पाच, सत्तर ग्रॅम सुद्धा नाही. नियमाप्रमाणे लहान तो कोवळा. सुरी टाकीजवळच्या गड्ड्यात काकडीसारखी गेली, फक्त बुडाशी बोटभर जागेत थोडी अडली. कठड्याच्या गड्ड्यात टोक घालताक्षणी करकर आवाज. मधोमध कापला तर बुडापासून वर निम्म्यापर्यंत पांढरे दोरे, उसाच्या पेरासारखे. एवढासा जीव, पण निबर.

२३ तारखेला (६६ दिवस) पुन्हा तेच. टाकीजवळचा आठ सेंटीमीटर, २६० ग्रॅम, खालचा तिसरा हिस्सा टाकला, बाकी उत्तम. कठड्याचा साडेपाच, आणि जवळजवळ सगळाच टाकला. १ जानेवारीला टाकीजवळचा शेवटचा नऊ सेंटीमीटरचा निघाला. निम्मा टाकला, वरचा निम्मा सांबारात गेला, आणि शिजल्यावर कोणी तक्रार केली नाही.

म्हणून माझं मत आता असं: चेंडूचा नियम भरपूर पाणी आणि खत मिळालेल्या गड्ड्यापुरता खरा. वाढ जिथे थांबते तिथे खोड लाकूड व्हायला लागतं, मग ते केवढंही असो. लहान राहिलेला गड्डा दिवसांनी मोठाच असतो. "अजून लहान आहे, राहू दे" म्हणून जो आपण ठेवतो, नेमका तोच आधी काढायला हवा. बाजारात घेताना पण आकार बघू नका, बुडाशी, मुळाच्या तुटलेल्या जागेजवळ नख रुतवून बघा. भाजीवाला ओरडेल, ओरडू दे.

जांभळ्यांना आठवडा-दहा दिवस जास्त लागले, सगळे २३ डिसेंबरनंतर काढले. आतून ते पांढरेच असतात, साल काढली की सगळा थाट संपतो. चवीत मला फरक कळला नाही. गच्चीवर मात्र सुंदर दिसतात, पाहुणे त्यांच्याबरोबरच फोटो काढतात.

स्वयंपाकघर

सोलताना बुडाकडून सुरुवात करा. सुरीने सालीची कड पकडून वर ओढली की दोऱ्यांसकट पट्टी निघते. वरून खाली सोललं तर दोरे आत राहतात आणि मग घरातले सगळे जेवताना एकमेकांकडे बघतात.

कोशिंबीर: जाड किसणीवर किसून, दाण्याचं कूट, लिंबू, साखर चिमूटभर, वरून हिंग, मोहरी आणि हिरव्या मिरचीची फोडणी. मीठ पान वाढताना घालायचं, नाहीतर दहा मिनिटांत पाण्यात पोहते. दही घातलं तर कूट कमी.

आईची भाजी: हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून, नवलकोलाच्या बारीक फोडी, फोडणीत कढीलिंब, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. गोडा मसाला, गूळ, शेवटी ओलं खोबरं. मी एकदा लसूण घातला तर तिने चव घेऊन नुसतं "हं" म्हटलं. तेवढ्यावरून कळलं.

यंदाचा खरा शोध मात्र पानांचा. इतकी वर्षं मी पानं कंपोस्टात टाकत होतो. दुसऱ्या मजल्यावर एक काश्मिरी काकू राहतात. लिफ्टमध्ये माझ्या हातातली पानं बघून त्या थांबल्याच. "भाईसाहब, ये फेंकोगे?" काश्मीरमध्ये नवलकोल म्हणजे मोंज, आणि तो पानांसकटच खातात. रविवारी त्यांनी स्वतः येऊन करून दाखवलं. मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवलं, थोडं निववून हिंग, मग पाणी आणि मीठ. पाण्याला उकळी आली की गड्ड्याच्या चकत्या, त्या अर्धवट शिजल्यावर हाताने तोडलेली पानं, उभी चिरलेली हिरवी मिरची, दोन सुक्या लाल मिरच्या. कांदा नाही, टोमॅटो नाही, हळदसुद्धा नाही. मी हळदीच्या डब्याकडे हात नेला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. कुकरची एक शिट्टी, आणि लगेच कुकर नळाखाली धरून वाफ मोडली, म्हणजे पानं हिरवी राहतात. पातळ रस्सा, गरम भात. बायकोने दोनदा घेतलं. माझी बहीण जर्मनीत असते, तिला फोटो पाठवला. ती म्हणाली, तिकडे गिऱ्हाईकं कोलराबीची पानं दुकानातच तोडून ठेवतात, आणि कोणीतरी सशासाठी ती उचलून नेतं.

पुढच्या खेपेसाठी काकूंना गड्डे पानांसकट द्यायचे ठरलेत, त्या बदल्यात मोंजाचं लोणचं शिकवणार आहेत.

सध्याची स्थिती

दुसरी खेप ८ डिसेंबरला पेरली होती, तीस रोपं ३ जानेवारीला लागली. सगळी टाकीजवळ, जास्तीच्या बॅगा तिथेच दाटीवाटीने. कठड्याला गवती चहा हलवला आहे, त्याला वाऱ्याचं काही वाटत नाही. हिशेबाने गड्डे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तयार व्हायला हवेत, आणि गच्चीवर ऊन त्याच सुमारास तापायला लागतं. जाळी पुन्हा विकत आणली आहे. ह्या वेळी चारी कोपऱ्यांना विटा.