डिंगशू: मातीच्या किटलीच्या गावात दोन दिवस

चहाच्या मातीच्या किटल्यांसाठी चीनमधल्या यीशिंगला जाणार असाल तर मुक्काम शहरात करू नका. किटल्यांचं खरं गाव दक्षिणेला आहे, डिंगशू. हांगझोऊहून वेगवान रेल्वेने साधारण तासाभरात यीशिंग येतं, पुढे टॅक्सी. फोनवर अलीपे हे पैसे देण्याचं ॲप आणि चिनी नकाशाचं ॲप घरूनच चालू करून घ्या.

पहिल्या दिवशी माझी फसगत झाली. एका चकचकीत दुकानात ‘अस्सल जुन्या खाणीतली माती’ म्हणून किटली घेतली. खोलीवर गरम पाणी ओतलं आणि बुटाच्या पॉलिशसारखा वास आला. इथल्या ह्वांगलोंग डोंगरातलं खाणकाम 2005 मध्येच थांबवलं आहे, त्यामुळे जुन्या मातीच्या गोष्टीला भुलू नका. दुकानातच गरम पाणी मागा, ओता, वास घ्या. चांगल्या किटलीला ओल्या मातीपलीकडे कसलाही वास नसतो.

दुसऱ्या दिवशी शूशानच्या जुन्या गल्लीत गेलो. एका उघड्या दारात एक बाई काम करत बसल्या होत्या. खुणेनेच विचारलं, त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी कुंभाराचं चाक शोधत होतो, पण इथे किटली चाकावर घडत नाही. लाकडी मोगरीने मातीची पोळी थापली, पट्टी कापली, गुंडाळून नळकांडं केलं. मग डावी बोटं आत, उजव्या हातात लाकडी थापी. टप टप टप. प्रत्येक थापेला कड किंचित आत वळायची आणि बघता बघता सरळ नळकांड्याला गोल पोट आलं. तासभर हललो नाही.

याच गल्लीत गू जिंगझोऊ (1915–1996) राहत. विसाव्या शतकातल्या किटली घडवणाऱ्यांत त्यांचं नाव सर्वांत वर घेतात.

छ्येनशू गावातली, मिंग राजवटीच्या काळातली मातीची भांडी भाजायची ‘ड्रॅगन भट्टी’ चुकवू नका. उतारावर पसरलेली, चाळीसेक मीटर लांब, आणि अजूनही पेटते. दोन्ही अंगांच्या भोकांतून सरपण सारतात.

निवडताना एवढं बघा: किटली भरून ओता, धार गोल आणि अखंड पडली पाहिजे. झाकणावरच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबली पाहिजे. थांबल्यावर तोटीवरून थेंब ओघळता कामा नये. शिक्का, प्रमाणपत्र नंतर. दीडशे मिलिलिटरची किटली दोघांना पुरते.

या मातीवर काचेसारखा लेप (ग्लेझ) नसतो, सूक्ष्म छिद्रं असतात, ती चहाचा वास धरून ठेवते. म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा. साबण अजिबात नको, आणि आपला दूध-आल्याचा चहा तर मुळीच नको. मी माझ्या किटलीत फक्त यीशिंगचाच काळा चहा करतो. आठ महिन्यांत तिच्या पोटावर मऊ तुकतुकी आली आहे, जिथे रोज अंगठा टेकतो तिथे जरा जास्त.