टाकीशेजारचा धनुष्यबाण

मागच्या महिन्यात एकदा सकाळी कणीक मळता मळता हात असा भरून आला ना की परात तशीच ठेवून खाली बसले. उजवा हात, कोपरापासून मनगटापर्यंत नुसता दगड. आईचं निदान तयारच होतं, "तो मोबाईल ठेव आधी." आता दिवसभर माऊस, जातायेता लोकलमध्ये एका हातात वरची कडी नि दुसऱ्यात मोबाईल, घरी आलं की लाटणं, म्हणजे हात सुटा असा कधी नसतोच, पण हे आईपुढे कोण कबूल करणार.

फिजिओने मात्र एक गोष्ट मस्त समजावली. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते असतात कोपराखाली, आणि तिथून कंडरा दोरीसारख्या बोटांपर्यंत जातात. मनगटात एक अरुंद बोळ आहे, त्यातून ९ कंडरा आणि एक मज्जातंतू असे सगळे एकदम जातात, संध्याकाळी सातचा दादरचा पूल समजा. म्हणून बोटं आवळली की दुखतं ते वर, कोपराखाली.

मग यूट्यूबवर भटकताना चीगाँग नावाचा चिनी व्यायामप्रकार सापडला. ची म्हणजे श्वास, प्राण वगैरे आणि गाँग म्हणजे सराव. हे नाव रूढ झालं १९५० च्या दशकात, पण प्रकार जुने, त्यातला बादुआनजिन नावाचा आठ व्यायामांचा संच तर सोंग राजवटीपासूनचा (९६० ते १२७९). ची हातातून वाहते की नाही मला माहीत नाही, मला हात मोकळा व्हायला हवा होता, बस.

सुरुवात झटकण्यापासून. भांडी घासल्यावर पाणी झटकतो तसं नाही हां, तिथेच मी चार दिवस चुकले. पाय खांद्याएवढे लांब, गुडघे जरासे सैल, आणि हलायचं ते गुडघ्यांतून, हात नुसते ओल्या टॉवेलसारखे लोंबत ठेवायचे, ते आपोआप थरथरतात. दोन मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं, पण माझा उजवा खांदा कानाकडे चढूनच बसला होता, त्याला खाली आणायला आठवडा गेला.

नंतर त्या आठांतला माझा लाडका धनुष्यबाण. डावीकडे नि उजवीकडे धनुष्य ताणून गरुडावर नेम धरायचा असं काहीसं त्याचं चिनी नाव आहे. एक हात बाजूला लांब, तळवा बाहेर, तर्जनी सरळ वर, अंगठा ताणलेला, बाकीची बोटं अर्धी मिटलेली, दुसऱ्या हाताने दोरी छातीपाशी ओढायची, मान त्या तर्जनीकडे. खरं तर यात घोड्यावर बसल्यासारखं खाली बसायचं असतं, पण माझे गुडघे ४६ वर्षांचे आहेत, मी थोडंसंच बसते. ताणताना श्वास आत, सोडताना बाहेर. सोडतानाच हाताला खरं बरं वाटतं, कोपराखालची ती गाठ विरघळते अगदी.

शेवटी झाडाला मिठी मारल्यासारखे हात गोल धरून उभं राहायचं. लोक म्हणे अर्धा अर्धा तास राहतात, मी तीन मिनिटांत घड्याळ बघते.

एक सांगते, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल किंवा हातातून वस्तू पडत असतील तर व्हिडिओ बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. आणि दुखलं की थांबायचं, ओढून ताणून काही करायचं नाही.

हे सगळं मी सहा वाजता गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी करते. पहिल्या दिवशी वॉचमनने "ताई, अंगात आलं का?" असं विचारलं. हात दुखायचा पूर्ण थांबला नाहीये, पण कणीक एका दमात मळून होते, आणि लोकलमध्ये मी कडी किती आवळून धरते ते आता माझं मलाच कळतं, मग दोन बोटं सैल सोडते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूही हल्ली येतात. काल त्या दुधाची पिशवी मनगटाला अडकवूनच बाण ओढत होत्या. म्हटलं, काकू, आधी पिशवी खाली ठेवा. तर म्हणतात, "अगं, मांजर आहे ना गच्चीवर!"