शेंदूर आणि 48 के

परवा दुपारी शेजारच्या काकू दारात आल्या, म्हणाल्या, अहो तुमचा मिक्सर जळतोय का? मिक्सर नव्हता, कॅसेट होती. माझ्या जुन्या कॉम्प्युटरसाठी मी लिहिलेला गेम टेपवर नीट सेव्ह झालाय का ते मी जॅक काढून कानानं बघत होतो (त्याचे प्रोग्रॅम टेपवर कर्कश आवाज म्हणूनच साठतात), आणि तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नकोच. हल्ली लोक मोबाईलवरूनच साउंड फाइल वाजवतात, लोड होतंही, पण मला कॅसेटच लागते. आईच्या नेलपॉलिशचा ठिपका अजून आहे टेपरेकॉर्डरच्या व्हॉल्यूमवर, तिथंच बटण ठेवायचं, इकडेतिकडे झालं की टेप लोडिंग एरर.

डीबी स्पेक्ट्रम प्लस, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर. बाबांनी 1988 ला आणला, तेव्हा आम्ही नाशिकला रविवार कारंजाजवळ वाड्यात राहायचो. 48 के म्हणजे 48 किलोबाइट मेमरी, साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-80 प्रोसेसर, पी दाबलं की प्रिंट ही आख्खी कमांड उमटायची. आता मोबाईलवर मिसळीचा एक फोटो काढला तर तोसुद्धा त्यात मावणार नाही.

एकदा मे महिन्यात सगळी दुपार घालवून मासिकात छापलेलं प्रोग्रॅमचं लिस्टिंग टाइप केलं, 300 तरी ओळी असतील. पाणी प्यायला उठलो तेवढ्यात दिवेलागणीला आजी आली आणि "टीव्ही उघडा टाकून गेला कार्टा" म्हणत बोर्डाचं बटण बंद. नुसता टीव्ही बंद केला असता तर काही बिघडलं नसतं, पण अ‍ॅडॉप्टरही त्याच बोर्डावर, वीज गेली की कॉम्प्युटरची मेमरी पुसली. मी रडायला लागलो तर म्हणते, एवढं काय त्यात, परत लाव, दिसेल की. तेव्हापासून दर 20 ओळींना सेव्ह करायची सवय लागलीये ती लागलीच, ऑफिसातही करतो, पोरं हसतात.

तर गेम. असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम लॅपटॉपवर लिहितो, तिथंच स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या फ्यूज इम्युलेटरवर चालवून बघतो आणि शेवटी टेपवर. साधाच आहे, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येतोय, आपलं घाटावर भांड्यांचं दुकान, पाणी चढायच्या आत सामान पंचवटी कारंजाकडे पोचवायचं. पाणी किती चढलं ते दाखवायला अर्थातच नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, नाशिककराला दुसरं मीटर कशाला पाहिजे.

घोडं अडलं शेंदरापाशी. लहानपणी आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे या मशीनला शेंदरी रंग येतच नाही हे मला थेट पन्नाशीत कळलं! रंग एकूण आठ, काळा-पांढरा धरून, फार तर ते थोडे उजळ करता येतात. मग लाल आणि पिवळे ठिपके एकाआड एक टाकले, बुद्धिबळाच्या पटासारखे, चार हात लांबून बघितलं की बरोब्बर शेंदूर. खूश होऊन पाणी सोडलं तर मारुतीच्या पोटात निळे चौकोन. कारण स्क्रीन 256 बाय 192 ठिपक्यांची असली तरी रंग द्यायचा तो 8 बाय 8 च्या चौकोनाला आणि एका चौकोनात रंग दोनच. लाल-पिवळ्यानं दोन्ही जागा अडवल्या, पाण्यानं जावं कुठं? आठवडाभर डोकं खाजवलं, बायको म्हणाली मारुतीला निळाच कर एकदाचा. शेवटी पाणी ठिपक्या-ठिपक्यानं न चढवता सरळ आठ-आठच्या पायरीनं चढवलं. पाय, गुडघे, कंबर, छाती. आणि मग वाटलं, अरे आपण बोलतो तरी कसं? कमरेला लागलं का, छातीपर्यंत आलं का, असंच ना. फुटात कोण मोजतंय.

बुधवारच्या बाजारात गेलो तेव्हा घाटावरच्या एका ओळखीच्या भांडीवाल्या मामांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला, मारुती बरा जमलाय म्हणाले. मग विचारलं, "पाणी ओसरल्यावर काय होतं?"

म्हटलं, काही नाही, पुढची लेव्हल.

"आणि गाळ?" मी नुसताच बघत राहिलो. "2016 च्या पुरात पाणी उतरून गेलं हो. गाळ पंधरा दिवस काढत होतो."

मी म्हटलं, मामा, मशीन जुनं आहे, तेवढी मेमरी नाही त्यात. त्यांनी मान हलवली आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाला परात वाजवून दाखवायला लागले.

मेमरी होती तशी. 611 बाइट.