टेबल कधी उतरवायचे?

बसचे फिरते घर करून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची पहिली मागणी ठरलेली असते: दिवसा जेवायला-बसायला टेबल हवे आणि रात्री त्याचाच पलंग व्हायला हवा. एका कुटुंबाचे म्हणणेही तेच होते. घरात नवरा-बायको, 16 वर्षांची मुलगी, 11 वर्षांचा मुलगा आणि मुलांची आजी अशी 5 माणसे. मागच्या टोकाला नवरा-बायकोंचा कायमचा पलंग, त्याच्या पुढे मुलांसाठी एकावर एक दोन बंक आणि आजींसाठी टेबलाचा पलंग, अशी वाटणी मुलांच्या वडिलांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकली आणि मी ती जशीच्या तशी आराखड्यात उतरवली. चूक तिथेच झाली होती, पण ती कागदावर दिसण्यासारखी नव्हती.

कागदावर सगळे चोख जमले होते. समोरासमोरचे दोन बाक प्रत्येकी 55 सेंटिमीटर खोल आणि मधली जागा 75, म्हणजे पलंगाची लांबी 185 झाली. बाकाची खोली 55 घेतली ती पाठीची गादी त्यातले 10 सेंटिमीटर खाते म्हणून. हे विसरून 50 चा बाक केला, तर बसणाऱ्याच्या मांड्यांना पुरेसा आधार उरत नाही. पाठीच्या दोन्ही गाद्या साडेसदतीस सेंटिमीटर उंच ठेवल्या, कारण रात्री टेबल खाली आले की त्या दोघींनी मिळून त्याचे 75 सेंटिमीटर भरून काढायचे असतात. बाकाची फळी जमिनीपासून 33 वर, तिच्यावर 10 चा फोम, आणि टेबल 72 वर. बाकांच्या पुढच्या अंगाला आतून लाकडी पट्ट्या ठोकल्या की टेबलाची फळी त्यांवर टेकते आणि बाकांच्या फळ्यांशी सपाट होते. फळी दोन्ही बाजूंनी 3-3 मिलिमीटर कमी कापायची. अगदी नेमकी कापली, तर दमट हवेत फुगून ती अडकून बसते.

बंकांनी मात्र दमवले. बसची भिंत खिडकीच्या वर आत वळते, त्यामुळे मध्यभागी छत 190 सेंटिमीटरवर असले, तरी भिंतीलगत ते जेमतेम 165 वर येते. खालच्या बंकाखाली चाकाचा उंचवटा असल्याने त्याची गादी 40 च्या खाली जाईना. वरच्या बंकाची खालची बाजू 100 वर ठेवली, फळी आणि गादी धरून तो 113 वर गेला आणि भिंतीकडच्या अंगाला डोक्यावर 52 सेंटिमीटर उरले. कूस वळायला एवढे पुरते. उठून बसायला पुरत नाही. पाहुण्यांसाठी तिसरा बंक घालता येईल का, असे वडिलांनी विचारले होते, तेव्हा जागा किती अपुरी पडेल ते कळावे म्हणून मी त्यांना दोन टेबलांमधल्या फटीत आडवे व्हायला सांगितले होते.

कठड्यावर मी तडजोड करत नाही. घरगुती बंकांच्या ईएन 747 या युरोपीय मानकात गादीच्या वर किमान 16 सेंटिमीटर कठडा सांगितला आहे आणि 6 वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये असेही म्हटले आहे. मुलगा 11 चा असला, तरी बस उतारावर उभी असू शकते, म्हणून मी कठडा 20 चा धरला. बंक भिंतीच्या पत्र्याला न अडकवता बसच्या पोलादी कमानींना आरपार बोल्टने, मागे रुंद पट्टी देऊन बसवायचे, कारण नुसते स्क्रू रस्त्याच्या हादऱ्यांनी महिन्याभरात सैल होतात. गाडी चालू असताना बंकावर कोणी झोपायचे नाही आणि पट्टे असलेल्या आसनांखेरीज कुठे बसायचेही नाही, हे मी लेखी देते.

लाकूड कापण्यापूर्वी मी नेहमी पुठ्ठा आणि टाकाऊ प्लाय यांचा पूर्ण मापाचा नमुना रिकाम्या बसमध्ये उभा करते. बस क्वचितच समतल उभी असते. म्हणून समतल दाखवणारी पाणसळ बाजूला ठेवून जमिनीला काटकोनी गुण्या लावूनच मापे घ्यावी लागतात. त्या दिवशी संध्याकाळी कुटुंबाला बोलावले आणि काही न समजावता एवढेच सांगितले की, आता रात्र झाली आहे, झोपायची तयारी करा.

वडिलांनी टेबल उचलले आणि त्याचा पाय हातात घेऊन ते उभे राहिले, कारण तो ठेवायला मी जागाच केली नव्हती. आईने पाठीच्या गाद्या काढून वाटेत रचल्या, त्यामुळे 60 सेंटिमीटरची वाट बंद झाली आणि मुलगा मागे अडकला. टेबल पट्ट्यांवर बसेपर्यंत आजी चालकाच्या आसनाला धरून उभ्या होत्या; त्यांना बसायला त्या वेळी संपूर्ण बसमध्ये एकही जागा नव्हती. हे सगळे सुधारता येण्यासारखे होते आणि मी वहीत भराभर टिपून घेत होते. तेवढ्यात मुलीने सहज विचारले, "पण आजी तर 9 वाजता झोपते. मग मी अभ्यास कुठे करायचा?"

कोणीच बोलले नाही. मी आजींकडे वळून विचारले, "तुम्ही उठता किती वाजता?"

"पाचला," त्या म्हणाल्या, "पण आडवी पडून राहीन मी, त्याचं काही नाही. या लोकांना टेबल लागलं तर मी उशिरा झोपेन."

इतकी वर्षे हे काम करूनही मी पलंग किती लांब, किती रुंद हेच विचारत आले होते. कोण कधी झोपते हे कधी विचारलेच नव्हते. टेबलाचा पलंग हा सर्वांत शेवटी झोपणाऱ्याचा असायला हवा आणि त्यालाच टेबल मांडायचे असल्याने तोच सकाळी न्याहारीआधी उठायला तयार असायला हवा. आजींना तो देणे म्हणजे घरातल्या सर्वांत लवकर झोपणाऱ्या माणसाला सर्वांनंतर झोपायला लावणे होते. शिवाय त्यांनी तक्रार केली नसती, हे त्यांच्या उत्तरावरून दिसतच होते.

मुलगी टेबलाच्या पलंगावर यायला लगेच तयार झाली आणि आजी खालच्या बंकावर आल्या, पण त्यामुळे बंक नव्याने आखावा लागला. दोन बंकांमधल्या 60 सेंटिमीटरच्या फटीत मुलगी सरपटत शिरली असती; आजींना मात्र काठावर बसून पाय खाली सोडता यायला हवे होते. वरच्या बंकाची रुंदी 60 होती. भिंतीच्या बाजूने त्याला लांब बिजागरी लावली, तर तो दिवसा वर दुमडून 160 पर्यंत जातो आणि 165 वरच्या वळणाखाली नेमका मावतो. सुतारकाका आधी नाराज होते, कारण दुमडणारी फळी धरून ठेवायला दोन्ही टोकांना आकडे आणि गादीला पट्टे लागणार होते, पण पुठ्ठ्याचा बंक वर करून आजींना खाली बसवले तेव्हा काकांनी आपणहून फूटपट्टी काढली आणि आजींच्या डोक्यावरची जागा मोजली. रात्री मुलाचा बंक उघडला की आजींना वाकून बाहेर यावे लागणार होते. त्यासाठी खालचा बंक 72 रुंद करून 12 सेंटिमीटर पुढे काढला, म्हणजे निदान डोके बाहेर काढून मग उठता येईल.

टेबलाच्या पायासाठी बाकाच्या आतल्या झाकणाला दोन चिमटे लावले. दुसऱ्या वेळी मुलीने एकटीने टेबल उतरवून पाहिले. वाट मोकळी राहिली, कारण गाद्या आता बाकावरूनच मधल्या जागेत सरकत होत्या. तोवर आजी खालच्या बंकाच्या काठावर बसून पुठ्ठ्याचा कठडा हाताने दाबून पाहत होत्या. "हा खरा केल्यावर इतका हलणार नाही ना?" त्यांनी विचारले, आणि सुतारकाकांनी त्यांना बोल्ट कुठे येणार ते कमानीवर खडूने खूण करून दाखवले.