वारा दक्षिणेकडून आला

१४ मे २०२१, शुक्रवार. अक्षय तृतीया आणि ईद एकाच दिवशी आलेली, आणि लॉकडाऊनमुळं दोन्ही घरातल्या घरात. मी गगनबावड्याच्या अलीकडं एका गावात शाळेवर शिक्षिका. तेव्हा शाळा बंद होती आणि वर्गांत कोरोनाचा विलगीकरण कक्ष होता, त्यावर माझी ड्युटी. नऊ पेशंट. दुपारी फोन आला, अरबी समुद्रात तौक्ते नावाचं वादळ होतंय, शनिवार-रविवारी घाटमाथ्यावर वारा-पाऊस होईल, गावानं तयारीत राहावं. तयारीत राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही फोनवाल्यानं सांगितलं नाही.

संध्याकाळी पारावर बैठक झाली. पहिला प्रश्न आला, "ते काय घाट चढून वर यायचंय व्हय बाई?"

हसण्यासारखं नव्हतं. कोल्हापुरात संकट म्हटलं की पाणी. त्याची मोजपट्टी पोराटोरांनाही पाठ असते : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कुणाच्या घरात कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं तेही लोक सांगतात. वाऱ्याचं तसं काहीच ठरलेलं नाही. वारा म्हणजे वळीव. अर्धा तास धिंगाणा घालतो, चार आंबे पाडतो आणि जातो. मागच्या वर्षीचं निसर्ग श्रीवर्धनकडं धडकलेलं, ते आम्ही टीव्हीवर बघितलं होतं, बस्स.

बैठकीत एक रिटायर्ड सुभेदार होते. ते म्हणाले, "पाणी येतंय म्हटल्यावर माणूस वर चढतो. वारा येतंय म्हटल्यावर वर बघायचं. पत्रं बघा पहिलं." मी शाळेच्या छताकडं बघितलं. पत्राच. त्याखाली नऊ माणसं.

गावात मोठा स्लॅब एकाच इमारतीला, दूध संस्थेच्या. वरच्या मजल्यावर सभेचा हॉल, जिना बाहेरून. मी विषय काढला आणि पारावर एकदम शांतता. मग एकजण म्हणाला, "पेशंट वर ठेवल्यावर खाली दूध कोण घालणार?" त्याचंही खरं होतं. लॉकडाऊनमध्ये घरात पैसा येत होता तो दुधाचाच. तास-दीड तास वाद. मी दोनदा उठून निघाले, दोनदा सुभेदारांनी बसवलं. शेवटी चेअरमनच म्हणाले, जिन्याला दोरी बांधा, दूध घालायच्या वेळेला वरचा एकही माणूस खाली उतरणार नाही, वरची मोरी वेगळी आहेच. ठरलं.

शनिवार सगळा धावपळीत गेला. हार्डवेअरची दुकानं बंद, तार मिळेना. ऊस वाहायचे नाडे, म्हणजे जाड दोर, मात्र घरोघरी पडून होते, हंगाम संपलेला. पत्र्यावर नुसते दगड ठेवायची आपल्याकडं पद्धत, पण सुभेदारांनी ते बंद पाडलं. वारा पत्र्याच्या खाली शिरून वर ढकलतो आणि वरून जाताना ओढतो, सुटलेला पत्रा दगडासकट खाली येतो. म्हणून नाडा पत्र्यावरून घेऊन खाली कैचीला, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या सांगाड्याला, बांधायचा आणि वाळूची पोती मधे न टाकता कडेनं टाकायची. गोठ्याच्या पत्र्यांनाही तेच.

आशाताईंनी वही काढली. दिवस भरत आलेल्या दोघी होत्या, त्यांना त्याच दिवशी गाडी करून तालुक्याला पाठवलं. एकीची सासू "अजून आठ दिवस हाईत की" म्हणून अडून बसली होती. इन्सुलिन कुणाला लागतं, अंथरुणाला खिळलेलं कोण, कुडाचं घर कुणाचं, हे सगळं त्याच वहीत. (जुलैत पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली तेव्हा हीच वही पुन्हा निघाली, फक्त दोन बाळांची नावं वाढली होती.) वायरमननं लाइन बंद करून तारांवर आलेल्या फणसाच्या फांद्या तोडल्या. लाईट होती तोवर पाण्याची टाकी काठोकाठ भरली. गिरणीवर एवढी रांग लागली, की लॉकडाऊन मोडला म्हणून कुणीतरी तक्रार करायच्या बेतात होतं. पण लाईट गेल्यावर पीठ कुठून आणणार?

रात्री आठपर्यंत पेशंट हॉलमध्ये हलवले. हवा एकदम कोंडलेली, पान हलत नव्हतं. लोक माझ्याकडं जरा संशयानंच बघत होते.

रविवारी पहाटे सुरू झालं. आणि आमची चूक तेव्हाच कळली. आमच्याकडं पावसाळा मावळतीकडून येतो, त्यामुळं पोती, ताडपत्री, आडोसे, सगळं सवयीनं मावळतीच्या अंगाला. वारा आला आग्नेयेच्या कोपऱ्यातून, मग सरकत सरकत दक्षिणेकडून. वादळ समुद्रात आमच्या पश्चिमेला, वारा त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट फिरणारा, म्हणजे आम्हाला तो दक्षिणेकडूनच लागणार. मी मुलांना हे भूगोलात शिकवते. पोती टाकताना डोक्यातच आलं नाही.

दोन गोठ्यांचे दक्षिणेकडचे पत्रे उडाले. म्हशी आदल्या रात्री देवळाच्या मंडपात आणून बांधल्या होत्या म्हणून वाचल्या. रचून ठेवलेल्या शेण्यांची हुडवी भिजून लगदा, दोन-तीन घरांची भाताच्या पिंजराची गंजी निम्मी ओढ्यात, खालच्या शिवारातला ऊस आडवा. शाळेचेही चार पत्रे गेले, तिसरीच्या वर्गावरचे. त्याच वर्गात आदल्या दिवसापर्यंत पाच खाटा होत्या. मी आत जाऊन बघितलं, एका खाटेच्या जागी पत्रा उभा रुतल्यासारखा पडलेला. बाहेर येऊन पायरीवर बसले, पाऊस होता तरी.

गोठ्यांच्या पंचनाम्याची गोष्ट वेगळीच, ती लिहायला घेतली तर वही पुरायची नाही.

सोमवारी सकाळी लाईट नव्हतीच. संस्थेत जनरेटरवर दूध घेणं सुरू होतं, रांगेत दुधाच्या फॅटवरून नेहमीची कुरकुर. वरच्या हॉलमध्ये एक आजी होत्या, ऑक्सिजन ९३ वर अडकलेला, दोन म्हशींची मालकीण. मी तपासायला वर गेले तर खाटेवर नव्हत्या. खिडकीचे गज धरून, मास्क हनुवटीवर ओढून, खाली रांगेतल्या नातवाला ओरडून विचारत होत्या, "किती लागली रं फॅट?"