गान्सबायचा पिंजरा आणि गायब झालेला पांढरा शार्क

पिंजऱ्यातून शार्क पाहायला दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनहून पहाटे निघायचं, एन-२ महामार्गाने सर लाउरीज घाट ओलांडायचा, बॉट रिव्हरला आर-४३ धरायचा आणि हर्मानसवरून गान्सबाय गाठायचं. दोन-सव्वादोन तास लागतात. बोटी मात्र शेजारच्या क्लाइनबायहून सुटतात. तिथे धक्का चिंचोळा आहे, त्यामुळे ट्रॅक्टर बोटीला तिच्या गाड्यासकट उतारावरून पाण्यात ढकलतो. उलटीची गोळी त्याआधी तासभर घ्या. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका.

समोर किनाऱ्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर डायर बेट आहे. त्यावर आफ्रिकन पेंग्विन असतात, आणि बाजूच्या गायझर रॉकवर फर सीलची हजारोंची वसाहत. दोहोंमधल्या उथळ पट्ट्याला शार्क ॲली म्हणतात. हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर, सीलची नवखी पिल्लं पाण्यात उतरू लागतात आणि मोठा पांढरा शार्क त्यांच्या मागावर इथे फिरायचा. उन्हाळ्यात तो मासे आणि पाकट खायला किनाऱ्यालगत सरकायचा. ‘फिरायचा’ असंच लिहावं लागतंय, कारण आम्ही गेलो त्या फेरीत पिंजऱ्याभोवती आले ते सगळे तांबूस शार्क, ज्यांना इथे ब्राँझ व्हेलर म्हणतात.

पांढरा शार्क गायब होण्याचं कारण २०१७ पासून उलगडत गेलं. त्या वर्षी या किनाऱ्यावर पाच पांढरे शार्क मेलेले आले, त्यांतल्या बहुतेकांचं यकृत नाहीसं झालेलं होतं. हे काम ओर्कांचं, म्हणजे ‘किलर व्हेल’चं, विशेषतः पोर्ट आणि स्टारबोर्ड या जोडीचं. पाठीवरचा पर एकाचा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे लवलेला, म्हणून ही जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूंची नावं. शार्कला माशासारखी हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेलं यकृतच त्याला तरंगायला मदत करतं आणि लांबच्या प्रवासात साठा म्हणून वापरलं जातं. मोठ्या शार्कमध्ये ते वजनाच्या चौथाईपर्यंत भरू शकतं. ओर्का नेमकं तेवढंच काढून नेतात. २०२३ मध्ये मोसेलबायजवळ स्टारबोर्डने एकट्याने एक तरुण पांढरा शार्क दोन मिनिटांच्या आत मारला. ओर्का येऊन गेल्यावर उरलेले शार्क आठवडे, कधी महिने परतत नाहीत. सगळा दोष ओर्कांच्या माथी मारू नये असं मला ठामपणे वाटतं: लांब दोरीला अनेक गळ लावून होणाऱ्या मासेमारीने इथले छोटे शार्क, म्हणजे पांढऱ्याचं खाद्य, उपसलं जातंय, आणि क्वाझुलू-नातालच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांच्या रक्षणासाठी लावलेल्या जाळ्यांत पांढरे शार्क अजूनही मरतात. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये, जगात सर्वांत आधी, या प्राण्याला संरक्षण दिलं, तरीही.

संख्या भरून निघायला काळ लागतो, तो याच्या संथ वाढीमुळे. उत्तर अटलांटिकमधल्या अभ्यासानुसार मादी साधारण ३३व्या वर्षी वयात येते, नर २६व्या. आयुष्य सत्तरपर्यंत जाऊ शकतं. पिल्लं गर्भातच न फळलेली अंडी खाऊन वाढतात आणि जन्मतःच सव्वा ते दीड मीटर लांब असतात. आणि थंड पाण्यात हा शिकार कशी करतो? त्याच्या रक्तवाहिन्यांचं जाळं स्नायूंची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पोटाचं तापमान पाण्यापेक्षा १४ अंशांपर्यंत जास्त राहू शकतं. मोरीचा, म्हणजे छोट्या शार्कचा तुकडा खाताना काट्यांऐवजी जी कूर्चा लागते, तिचाच याचाही सांगाडा.

पिंजऱ्याबद्दल महत्त्वाचं. तो बोटीच्या कडेला बांधलेला, वरचा भाग पाण्याबाहेर असतो. हवेची टाकी नसते; श्वास रोखून खाली जायचं. पाणी साधारण १२ ते १७ अंश, म्हणून जाड वेटसूट, टोपी आणि पायात बूट. कमरेला वजन असतं, नाहीतर वेटसूट तुम्हाला वरच तरंगत ठेवतो. पाण्यात माशाचं तेल आणि कुटलेले मासे सोडतात, दोरीला आमिष बांधतात. ते शार्कला खाऊ द्यायचं नाही, वेळेत ओढून घ्यायचं, हा नियम आहे. बोटीवरचा माणूस ‘डाउन, लेफ्ट!’ ओरडला की लगेच बुडी मारा. बहुतेकांची चूक तीच: नजर आमिषावर खिळते, आणि शार्क येतो खालून. हात नेहमी आतल्या दांड्यावर, बोटंसुद्धा बाहेर नाहीत. मास्कला आतून थुंकी चोळून धुवा, नाहीतर पहिल्याच बुडीत धुकं जमतं. दृश्यता कित्येकदा दोन-चार मीटरच असते. हिरव्या पाण्यात सावली दिसते आणि लगेच तोंड दिसतं.

पांढराच पाहायचा असेल तर दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनहून नेपच्यून बेटांवर जा. मेक्सिकोचं ग्वादालुपे बेट २०२३ पासून पर्यटकांना बंद आहे.

गान्सबायचं म्हणाल तर निकोल आठवते. नोव्हेंबर २००३ मध्ये इथल्या पाण्यात माग काढणारी खूण लावलेली ही पांढऱ्या शार्कची मादी ९९ दिवसांत पश्चिम ऑस्ट्रेलियाला पोचली, वाटेत ९८० मीटर खोल गेली, आणि ऑगस्ट २००४ मध्ये पुन्हा इथेच दिसली.